एकोणतिसावा महिना

सौद्याच्या चिठ्ठीची मागची बाजू कोरी असते.
तिथे मी अठरा लाख चाळीस हजार लिहिले,
शेजारी नऊ पूर्णांक चार,
आणि उरलेले हप्ते, एकशे बत्तीस.

तौफिक शिकलगार दोनदा येऊन गेला मार्केट यार्डात,
दुसऱ्या बँकेचा फॉर्म आणि काखेत हेल्मेट,
हळदीच्या धुरळ्यात शिंकत.
"कर्ज आमच्याकडं फिरवा, वहिनी. आठ पूर्णांक सहा.
महिन्याला आठशे तेरा वाचत्यात.
फुकट कोण देतंय ओ आठशे तेरा?"

एकवीस वर्षं झाली मला पट्ट्या लिहून.
भाव ऐकून हरखतो तो नवखा.
मुरलेला माणूस विचारतो, हातात किती?
हमाली वजा, तोलाई वजा, बारदान वजा.
तेच तौफिकला विचारलं.

प्रोसेसिंग फी, तिच्यावर जीएसटी,
वकिलाचा शोध-अहवाल,
घराची किंमत ठरवायला येणाऱ्या साहेबांचे,
स्टँप, गहाणखताची नोंद.
तेवीस हजार तीनशे शहात्तर.
शेवटचे शहात्तर त्याने खाली बघून सांगितले.

भागिले आठशे तेरा.
एकोणतीस.

म्हणजे एकोणतिसाव्या महिन्यात आम्ही
आज आहोत तिथे येऊन पोचणार.
मध्ये दोन पावसाळे.

भरतेशची सकाळची ड्यूटी होती,
मिरजेहून वेळेत आला,
दिवस मावळायच्या आत जेवायला बसलो.
मी गणित विचारावं तसं विचारलं,
"एकोणतीस महिने आहोत ना आपण या घरात?"

भाकरीचा तुकडा आमटीत बुडालेला राहिला.

"बेळगावच्या हॉस्पिटलातून विचारलंय मला."
"कधी?"
"झाले चार महिने.
हो म्हटलेलं नाही मी."

नाही म्हटलंय का, ते त्याने सांगितलं नाही,
मीही ताट उचललं.
पट्टीत जो आकडा नसतो
तोच आधी दिसायला लागतो इतक्या वर्षांनी.

गावभागात भाड्याने होतो तेव्हा
पाणी ट्यूबलाइटला लागलं होतं.
पुढच्या वर्षी विश्रामबागेत हा दुसरा मजला.
लोक विचारायचे, किती स्क्वेअर फूट?
आम्ही स्क्वेअर फूट बघितलेच नव्हते.
आम्ही उंची घेतली होती,
पंधरा वर्षांच्या हप्त्यांनी.
तरी ऑगस्टमध्ये हा अजून रात्री उठतो,
आयर्विनची पातळी मोबाइलवर बघतो,
पुन्हा झोपतो, किंवा झोपल्यासारखं करतो.
मला वाटायचं, तो पाणी मोजतोय.

दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी काढून आमच्याच बँकेत गेले.
काउंटरवरच्या पोरीने स्क्रीन माझ्याकडे वळवली.
"आमच्याकडेच कमी होईल की, मॅडम.
आठ पूर्णांक पंच्याऐंशी.
एकदाचे पाच हजार नऊशे भरायचे."
"मग आधी का नाही केलंत?"
"तुम्ही विचारलं नव्हतंत."

हे तिने इतकं साधेपणाने सांगितलं
की मला तिचा राग येईना.
आमच्या घरातही चार महिने
हाच नियम चालू होता.

महिन्याला पाचशे साठ. तौफिकपेक्षा कमी.
पण पाच हजार नऊशे भागिले पाचशे साठ,
साडेदहा, धरा अकरा.

रात्री सांगितलं.
त्याने पंखा एक नंबरने कमी केला.
"अकरा महिने," म्हणाला,
"भाड्याचा करार असतो तेवढे."
"हो. तेवढेच मागतेय."
बराच वेळ तो काही बोलला नाही.
मग म्हणाला, "पुढचा ऑगस्ट येतो त्यात."
"येतो."

पावती फाइलीत लावली.
तौफिकचा फोन आला, त्याला नंतर बघू म्हटलं,
बिचाऱ्याचं पेट्रोल गेलं.
चिठ्ठी फेकवेना.
मागे माझी भागाकारांची ओळ,
पुढे कुणाची तरी राजापुरी, बेचाळीस पोती,
भाव लिहायचा राहिलेला.